अंतराळातून परतलेले शरीर

१८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे १९ मार्चच्या पहाटे, सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन येणारे ड्रॅगन यान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. जेमतेम आठवडाभरासाठी गेलेल्या या दोघांचा मुक्काम त्यांच्या मूळ यानातील बिघाडामुळे २८६ दिवसांपर्यंत लांबला होता. यानाचे दार उघडल्यावर त्यांना हात देऊन बाहेर काढले आणि लगेच स्ट्रेचरवर ठेवले, तेव्हा ते दृश्य पाहणाऱ्या अनेकांच्या काळजात चर्र झाले. वास्तविक काही महिन्यांच्या मुक्कामानंतर परतणाऱ्या प्रत्येक अंतराळवीराला असेच उचलून घेतले जाते. तरीही स्ट्रेचर पाहून मनात येणारा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांची निवडच उत्तम प्रकृतीमुळे झाली, जे तिथे रोज दोन तास व्यायाम करत होते, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहणे कठीण का व्हावे?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे देता येईल की अंतराळात शरीराला जे होते त्यातले बरेचसे आजारपण नसतेच. शरीर नव्या जागेचा अंदाज घेते, तिथे काय लागते आणि काय लागत नाही याचा हिशोब करते आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलून घेते. संकट उभे राहते ते हा बदललेला देह पुन्हा पृथ्वीवर आणताना. मात्र काही गोष्टी अशाही आहेत की ज्यांच्याशी जुळवून घेण्याचा कोणताही मार्ग शरीराला ठाऊक नाही. या दोन प्रकारांतला फरक लक्षात घेतला, तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आधी एक पक्का गैरसमज दूर करायला हवा. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते असे आपण सर्रास म्हणतो. परंतु हे स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते, आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे धावत असते आणि त्याच वेळी सतत पृथ्वीकडे पडतही असते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे ते जितके खाली येते तितकीच जमीनही त्याच्याखालून वळून दूर गेलेली असते, म्हणून हे पडणे कधी संपत नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येऊ लागला की क्षणभर पोटात गोळा येतो आणि बसलेली जागा अंगाखालून सुटल्यासारखी वाटते. तोच क्षण सहा महिने टिकला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. आपण ज्याला वजन म्हणून अनुभवतो, तो जमिनीने आपल्याला खालून दिलेला आधार असतो. हा आधार तिथे नाहीसा होतो.

आधार गेल्याबरोबर पहिली हालचाल होते ती शरीरातील द्रवांची. पृथ्वीवर उभ्या माणसाचे रक्त पायांकडे ओढले जाते आणि ते वर चढवण्यासाठी हृदय, पायांच्या शिरांमधील झडपा आणि पोटऱ्यांचे स्नायू दिवसभर झटत असतात. अंतराळात ही ओढ जाणवत नाही, पण वर ढकलणारी यंत्रणा तशीच चालू राहते. परिणामी काही तासांतच पायांमधला सुमारे दोन लिटरपर्यंतचा द्रव छाती, मान आणि डोके यांच्याकडे सरकतो. अंतराळवीरांचे चेहरे छायाचित्रांत सुजल्यासारखे आणि पाय काटकुळे दिसतात, त्याचे कारण हेच. नाक सर्दी झाल्यासारखे चोंदते आणि जेवणाची चव उतरते. शुभांशू शुक्ला यांनी २०२५ च्या जून महिन्यात स्थानकावर जाताना गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. सर्दी झालेली असताना आमरस किती फिका लागतो हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणूनच अनेक अंतराळवीरांना तिथे तिखट आणि झणझणीत पदार्थ अधिक हवेसे वाटतात. खरोखरीची सर्दी झाली तर हाल आणखी वाढतात, कारण भारहीन अवस्थेत शेंबूड आपोआप खाली उतरत नाही. १९६८ साली अपोलो-७ मधील अंतराळवीरांना सर्दी झाली, तेव्हा परतीच्या वेळी कानाचे पडदे फाटतील या भीतीने त्यांनी नियंत्रण कक्षाचे न ऐकता शिरस्त्राणाशिवाय पृथ्वीवर उतरणे पसंत केले होते.

शरीर मात्र या सगळ्याचा वेगळाच अर्थ लावते. वरच्या भागात द्रव जास्त झाला आहे, म्हणजे एकूणच रक्त जास्त झाले आहे असे समजून ते रक्तातील द्रव भाग कमी करू लागते. तिथल्या दृष्टीने हा निर्णय योग्य असतो. पण पृथ्वीवर उतरल्यावर तेच रक्त पुन्हा पायांकडे धावते, मेंदूला पुरत नाही, आणि उभे राहताच भोवळ येते. यावर उपाय म्हणून उतरण्याच्या काही तास आधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घेतात, तसेच पाय व पोट आवळून धरणारे कपडे घालतात. स्ट्रेचरचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण कानात दडलेले आहे. आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याशिवाय तोल सांभाळण्याचीही व्यवस्था असते. तिच्यातील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कोणत्या दिशेला वळले ते सांगतात, तर शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शिअमचे अतिसूक्ष्म खडे असतात आणि ते ज्या बाजूला कलतात ती बाजू 'खाली' आहे असे मेंदू मानतो. भारहीन अवस्थेत हे खडे कुठेच कलत नाहीत. डोळे म्हणतात की समोर भिंत आहे, जमीन आहे. कान म्हणतात की जमीन कुठेच नाही. घाटात गाडी लागते ती अशाच विसंगतीमुळे, कारण तिथेही डोळ्यांना दिसणारे आणि कानाला जाणवणारे जुळत नाही. १९६१ च्या ऑगस्टमध्ये एक दिवसाहून अधिक काळ अंतराळात राहिलेले सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव यांना हा त्रास प्रथम झाला आणि तेव्हापासून निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना तो कमीअधिक प्रमाणात होत आला आहे. मळमळ, उलट्या, डोके जड होणे आणि सतत झोप येणे, असे त्याचे स्वरूप असते.

हा त्रास साधारणपणे दोन-तीन दिवसांत ओसरतो, म्हणून त्याकडे किरकोळ म्हणून पाहिले जाते. मला ते योग्य वाटत नाही. १९६९ च्या मार्चमध्ये अपोलो-९ मोहिमेत रस्टी श्वाइकार्ट यांना उलट्या झाल्यामुळे त्यांचा यानाबाहेर पडण्याचा नियोजित कार्यक्रम छोटा करावा लागला. अंतराळ पोशाखाच्या बंद शिरस्त्राणात उलटी झाली तर ती खाली पडत नाही. नाकातोंडाभोवती तरंगत राहते आणि माणूस गुदमरू शकतो. शुभांशू शुक्ला यांनीही स्थानकावर पोहोचल्यावर मोकळेपणाने सांगितले होते की सुरुवातीला त्यांना फारसे बरे वाटत नव्हते, ते खूप झोपत होते, आणि चालायला, खायला लहान बाळासारखे नव्याने शिकत होते.

मेंदू या गोंधळातून जो मार्ग काढतो तो विलक्षण आहे. कानाकडून येणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवणे तो हळूहळू सोडून देतो आणि डोळ्यांवर भिस्त ठेवतो. परत आल्यावर हीच सवय उलटते. कानातले खडे पुन्हा कलू लागतात, मेंदूला त्यांची भाषा पुन्हा शिकावी लागते, आणि तोवर नुसती मान वळवली तरी खोली फिरते. अठरा दिवसांच्या मुक्कामानंतर परतलेल्या शुक्ला यांना हातातला फोन विलक्षण जड वाटला होता. लॅपटॉपवरचे काम संपल्यावर तो तरंगत राहील अशा समजुतीने त्यांनी तो बिछान्याच्या कडेला हवेत सोडून दिला, अशी आठवणही त्यांनी सांगितली आहे.

आता हाडांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त शिकण्यासारखे तिथे आहे. हाड म्हणजे एकदा ओतून तयार झालेला खांब, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात, आणि कुठे किती भरायचे हे त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. चालताना प्रत्येक पावलागणिक टाचेपासून मणक्यापर्यंत जो धक्का पोहोचतो, तोच हाडाला मिळणारा निरोप असतो की तुझी गरज आहे. अंतराळात हा निरोप येणे थांबते. खरवडणाऱ्या पेशींचे काम चालू राहते, बांधणाऱ्या मागे पडतात, आणि व्यायाम केला नाही तर खुबा व कंबरेचे मणके यांतील खनिजे दरमहा सुमारे एक ते दीड टक्का कमी होत जातात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची वर्षभरात साधारण जेवढी झीज होते, जवळपास तेवढी झीज तिथे महिन्याभरात होते. निघालेले कॅल्शिअम लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो. आणि अंतराळ स्थानकावर मुतखड्याची कळ उठणे म्हणजे काय, हे ज्याने ती कळ सोसली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

स्नायूंचेही तसेच आहे. पोटरी, मांडी आणि पाठ यांतील जे स्नायू आपल्याला नुसते उभे ठेवण्यासाठी दिवसभर काम करतात, त्यांना तिथे करण्यासारखे काही उरत नाही. १९७० च्या जूनमध्ये आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे सोयूझ-९ मधून तेव्हाच्या विक्रमी अठरा दिवसांच्या वास्तव्यानंतर उतरले, तेव्हा ते इतके अशक्त झाले होते की त्यांना धड उभे राहता येईना आणि सावरायला कितीतरी दिवस लागले. त्या अनुभवाने सोव्हिएत डॉक्टर हादरले. व्यायाम हा अंतराळवीराच्या दिनक्रमाचा सक्तीचा भाग झाला, त्यामागे हा धडा आहे.

पण जिथे वजनच नाही तिथे वजन उचलायचे कसे? स्थानकावर २००८ साली पोहोचलेल्या एका यंत्राने हा प्रश्न बराचसा सोडवला. त्यात लोखंडी चकत्यांऐवजी निर्वात नळकांडी बसवलेली आहेत; दांडा उचलताना त्या निर्वाताविरुद्ध जोर लावावा लागतो आणि सुमारे २७० किलोपर्यंतचे वजन उचलल्याइतका ताण निर्माण करता येतो. धावण्यासाठी ट्रेडमिल आहे, पण तिच्यावर माणूस टिकून राहावा म्हणून खांदे आणि कंबर पट्ट्यांनी खाली ओढून धरावी लागते. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अशाच पट्ट्या बांधून बॉस्टन मॅरेथॉनचे अंतर स्थानकावर पूर्ण केले होते. या साधनांमुळे आणि काही मोहिमांत हाडे ठिसूळ होण्यावरची औषधेही दिल्यामुळे झीज पुष्कळ आटोक्यात आली आहे. ती पूर्ण थांबलेली मात्र नाही. कॅनडातील संशोधकांनी १७ अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाची सूक्ष्म तपासणी केली आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा परतल्याला वर्ष उलटूनही त्यांपैकी नऊ जणांचे हाड पूर्ववत झालेले नव्हते. हाडाच्या आतली जी बारीक जाळी एकदा तुटते, ती सहसा जशीच्या तशी जुळून येत नाही. उरलेल्या तंतूंवर नवा थर चढतो एवढेच.

हे संशोधन मूठभर अंतराळवीरांपुरते आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा विचार करावा. अंतराळातील बदलांचा अभ्यास जमिनीवर करण्यासाठी जर्मनीत कोलोन येथील केंद्रात निरोगी स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली असलेल्या खाटेवर साठ-साठ दिवस झोपवून ठेवतात. जेवण, आंघोळ, सगळे आडवे राहूनच. त्यांच्या शरीरात अंतराळवीरांसारखेच बदल घडतात. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी उठवून उभे करण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, आणि "तिला जरा पडून राहू दे" हा घरच्यांचा प्रेमळ हट्ट तिच्या हिताचा का नसतो, हे या अभ्यासांवरून स्पष्ट होते.

काही बदल लहान आहेत, पण शरीराचा हिशोबीपणा त्यांतूनही दिसतो. मणक्यांवरचा दाब गेल्यामुळे माणसाची उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि पाठ दुखू लागते. तळव्यांची जाड कातडी सोलवटून गळून जाते, आणि जागेवर स्थिर राहण्यासाठी पट्ट्यांमध्ये अडकवल्या जाणाऱ्या पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात. रक्तातील तांबड्या पेशींचा नाशही वाढतो: पृथ्वीवर दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी मोडीत निघतात, तर अंतराळात तीस लाख, असे २०२२ मधील एका अभ्यासात आढळले.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र प्रकरण वेगळ्या वळणावर जाते. तिथे जवळचे अक्षर धूसर दिसू लागल्याच्या तक्रारी अंतराळवीर जुन्या काळापासून करत होते, आणि तात्पुरती बाब म्हणून त्यांना चष्मा बरोबर दिला जात असे. २००९ च्या सुमारास सहा महिने राहून आलेल्या काही जणांचे डोळे नीट तपासले, तेव्हा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेच्या टोकाला सूज, नेत्रगोल मागच्या बाजूने चपटा झालेला, आतल्या थरांवर सुरकुत्या, असे चित्र दिसले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सुमारे ३०० अंतराळवीरांची माहिती होती; छोट्या मोहिमांवर गेलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के आणि लांब मोहिमांवर गेलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांनी जवळचे किंवा लांबचे कमी दिसू लागल्याचे नोंदवले होते. याचे नेमके कारण अजून वादात आहे. द्रव डोक्याकडे सरकणे हा त्याचा पाया असावा, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की पृथ्वीवर आपण उठून बसलो वा उभे राहिलो की डोक्यातील दाब कमी होतो, त्यामुळे रोज अनेक तास डोळ्यांना आणि मेंदूला विसावा मिळतो; अंतराळात तो विसावा कधीच मिळत नाही. थोडासा वाढलेला दाब, पण महिनोन्महिने अखंड. इथे शरीराने काही शहाणपणाचा बदल केलेला दिसत नाही. ते केवळ सोसत असते.

याच साचलेल्या रक्तामुळे घडलेली एक घटना मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. मानेतील मोठ्या शिरांमधून रक्त कसे वाहते हे पाहण्यासाठी ११ अंतराळवीर आपली सोनोग्राफी स्वतःच करत होते. त्यांपैकी सहा जणांच्या डाव्या शिरेत रक्त जवळजवळ थबकलेले किंवा उलटे वाहताना आढळले, आणि एकाच्या शिरेत तर चक्क गुठळी झालेली होती. मोहिमेला तेव्हा सुमारे दोनच महिने झाले होते आणि त्या व्यक्तीला कोणताही त्रास जाणवत नव्हता. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी इंजेक्शने स्थानकावरच्या औषधपेटीत होती, पण मोजकी. पृथ्वीवरच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी ती पुरवून वापरण्याचा क्रम आखून दिला आणि पुढे मालवाहू यानातून गोळ्या पोहोचल्यावर त्या सुरू केल्या. भारहीन अवस्थेत कुपीतले औषध सुईत ओढून घेणे हीसुद्धा कसरतच, कारण द्रव तळाशी बसत नाही. परतण्याच्या चार दिवस आधी औषध थांबवले, कारण उतरताना इजा झाली तर रक्तस्राव थांबला नसता. ती व्यक्ती सुखरूप परतली. २०१९ आणि २०२० मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली, रुग्णाचे नाव अर्थातच न देता. ती तपासणी त्या वेळी चालू नसती तर गुठळी कळलीच नसती, हे लक्षात घेतले म्हणजे या संशोधनाचे मोल कळते.

प्रतिकारशक्तीबद्दल एकच गोष्ट सांगतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढळली की उतारवयात नागिणीच्या रूपाने उठतो. हा आणि त्याच्या कुळातले इतर विषाणू अंतराळवीरांच्या लाळेत व लघवीत पुन्हा दिसू लागतात. स्थानकावर राहिलेल्या ज्या २३ जणांची तपासणी झाली त्यांपैकी १४ जणांत ते आढळले. बहुतेकांना त्याचा त्रास झाला नाही. पण दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवणाऱ्या जागी झोपेची घडी बसत नाही, कामाचा ताण आणि एकांत असतो, आणि शरीराची पहारेदारी ढिली पडते, याचा तो पुरावा आहे.

जुळवून घेण्याचा मार्गच नसलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे किरणोत्सर्ग. पृथ्वीवर आपले रक्षण दोन कवचे करतात: हवेचा जाड थर आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. स्थानकावर हवेचे कवच नाही, पण चुंबकीय कवचाचा बराच आडोसा मिळतो. तरीही नैसर्गिक स्रोतांपासून जमिनीवर माणसाला सरासरी वर्षभरात जेवढी मात्रा मिळते, म्हणजे सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक), तेवढी तिथे चार-पाच दिवसांतच मिळून जाते. चंद्राकडे किंवा मंगळाकडे जाताना चुंबकीय आडोसाही सुटतो. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणारे विश्वकिरण हे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे अणुगर्भ असतात. ते पेशीतून जाताना गुणसूत्रे तोडत जातात. पुढे कर्करोग, मोतीबिंदू, हृदयविकार अशा रूपांत त्याचा परिणाम दिसू शकतो. अपोलोच्या अंतराळवीरांना मिटल्या डोळ्यांपुढे मधूनच प्रकाशाच्या ठिणग्या दिसत, त्या या कणांनीच उडवलेल्या होत्या.

मग यानाला जाड धातूची भिंत का करत नाहीत, असे कोणी विचारेल. अडचण अशी की वेगवान कण जड धातूवर आदळला की त्यातून नव्या कणांचा फवारा उडतो, आणि अपुऱ्या जाडीची भिंत कधी कधी उपकारापेक्षा अपकारच जास्त करते. विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर एका कणातून अनेक कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडले होते. भिंतीतला फवारा त्याच घराण्यातला आहे. म्हणून पाणी किंवा पॉलिथिन यांसारखे हायड्रोजनयुक्त हलके पदार्थ आडोशासाठी अधिक बरे मानले जातात. २०११-१२ मध्ये क्युरिऑसिटी यानाने मंगळाकडे जाताना ही मात्रा प्रत्यक्ष मोजली. त्यावरून केवळ जाण्यायेण्याच्या प्रवासात सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल असा हिशोब निघाला, आणि नासाने एका अंतराळवीराला संपूर्ण कारकिर्दीत मिळून घालून दिलेली मर्यादा ६०० आहे. शिवाय सूर्यावरील वादळांचा नेम नसतो. १९७२ च्या ऑगस्टमध्ये फार मोठे सौरवादळ झाले, तेव्हा एप्रिलमधील अपोलो-१६ परतले होते आणि डिसेंबरमधील अपोलो-१७ निघायचे होते. चंद्रावर त्या दिवसांत कोणी नव्हते, हे केवळ सुदैव.

स्कॉट केली यांच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्यांच्याबद्दल चुकीची माहिती फार पसरली. ते २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस स्थानकावर राहिले आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क, जे स्वतःही अंतराळवीर होते, ते पृथ्वीवर राहिले. दोघांच्या तपासण्यांची तुलना करण्याची ही दुर्मीळ संधी होती. २०१८ साली अनेक ठिकाणी छापून आले की स्कॉट यांचा सात टक्के डीएनए बदलला आणि दोघे भाऊ आता सारखे राहिले नाहीत. तसे काही झाले नव्हते. जनुके तीच होती. त्यांपैकी कोणती किती काम करते यात बदल झाला होता, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला ९० टक्क्यांहून अधिक बदल सहा महिन्यांत पूर्ववत झाला. विचार करण्याचा वेग आणि अचूकपणा मात्र परतल्यावर काही महिने थोडा घसरलेला राहिला. एकाच माणसावरचा हा अभ्यास आहे, त्यामुळे त्यावरून मोठी विधाने करू नयेत.

या सर्व गोष्टींचा खरा कस मंगळावर लागेल. तिथे पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतील, म्हणजे सुनीता विल्यम्स जितका काळ तरंगल्या जवळपास तितका, आणि उतरल्यावर उचलून घ्यायला कोणी नसेल. मंगळाची ओढ पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, एवढाच काय तो दिलासा. निरोप पोहोचायला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटे लागत असल्यामुळे गुठळीच्या त्या घटनेप्रमाणे डॉक्टरांशी बोलत बोलत उपचार करता येणार नाहीत, आणि गोळ्या घेऊन येणारे मालवाहू यानही नसेल. हा प्रश्न रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव यांना फार पूर्वी पडला होता. ते पेशाने डॉक्टर. मिर स्थानकावर सलग ४३७ दिवस काढून, म्हणजे आजही न मोडलेला विक्रम करून, ते २२ मार्च १९९५ रोजी परतले, तेव्हा यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंतची काही पावले ते स्वतः चालत गेले. मंगळावर उतरलेला माणूस लगेच काम करू शकेल की नाही, याचे उत्तर त्यांना स्वतःच्या देहाने द्यायचे होते.

आपल्या गगनयानाची योजना याहून कितीतरी लहान आहे: तिघेजणांपर्यंत अंतराळवीर, सुमारे ४०० किलोमीटरची कक्षा आणि तीन दिवस. तीन दिवसांत हाडांचे फारसे काही बिघडत नाही, डोळ्यांचेही नाही, आणि किरणोत्सर्गाची मात्राही मामुली असते. पण अंतर्कर्णाचा तो गोंधळ नेमका पहिल्या दोन-तीन दिवसांचाच असतो, म्हणजे दीर्घ मोहिमेत जो काळ सावरण्यासाठी मोकळा ठेवता येतो, तोच इथे संपूर्ण मोहिमेचा काळ आहे. शुक्ला यांनी पहिल्या दिवसांबद्दल जे प्रामाणिकपणे सांगितले त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. पहिल्या गगनयानाच्या डॉक्टरांना हाडांच्या मोजमापांपेक्षा जास्त उत्सुकता असेल ती या गोष्टीची, की दुसऱ्या दिवशी सकाळी वर असलेल्यांना मान वळवता येते का, आणि न्याहारी पोटात टिकते का.